पीळ

नळ स्टॉपजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला
शिकलगार मॅडमनी मला पालथं झोपवलं,
गुडघा काटकोनात दुमडला
आणि पोटरी बाहेर कलती केली, फाटक लोटावं तशी.
ती जातच राहिली.
"पंच्याहत्तर," त्या कोनमापकाला म्हणाल्या.
मग आत आणली. विसावर थांबली.
गंजली होती असं नाही,
पुढे रस्ताच नव्हता.

सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी
माझा हट्ट अंशांत मोजत होतं.

सहावी ब. सतरंजी. "मृदुला, मांडी घाल."
सगळ्यांचे गुडघे जमिनीला, माझे वीतभर वर,
कुंपणावरून डोकावणाऱ्या पोरांसारखे.
मला बसता यायचं ते पाय मागे फाकवून,
दोन्हीकडे दोन टाचा, मध्ये मी.
बेडकी म्हणायच्या मुली.
बेडकी तासन् तास बसायची, काही दुखायचं नाही.
आपटीकर बाई पट्टीच्या टोकाने गुडघा खाली दाबायच्या :
"मनात असलं की जमतं."
मनात होतं हो, बाई.

मॅडमनी टेबलावरचं प्लॅस्टिकचं हाड उचललं,
काचेवर आडवं ठेवलं.
खालचे दोन गोळे काचेला टेकलेले,
वरची मान छताकडे उठलेली.
"बाळाचं असंच असतं. चाळीसेक अंश.
वाढता वाढता हाड पीळ सोडत जातं,
बहुतेकांचं पंधरापाशी येतं.
तुमच्या हाडाने सोडला नाही."

उभं राहायला सांगितलं आरशासमोर.
गुडघ्याच्या वाट्या एकमेकींकडे बघत होत्या,
भांडण झालेल्या जावांसारख्या, तिरक्या.
"पावलं सरळ करा." केली.
"आता खुब्यात काय वाटतंय?"
काहीतरी पुढे सरकलं, कडेला आलं,
भरलेलं पातेलं ओट्याच्या काठावर यावं तसं.
"बघा. वरचा गोळा वाटीत नीट बसावा
म्हणून अख्खी मांडी आत वळते.
पाऊल बिचारं सगळ्यात शेवटी असतं,
बोलणी मात्र तेच खातं."

बोलणी. ती बाबांची.
खडकीच्या कारखान्यात फिटर, आटे हाताच्या बोटाने ओळखायचे.
"हिचे आटे उलटे पडलेत," म्हणायचे,
आणि दर रविवारी डावा बूट उजव्यात, उजवा डाव्यात घालून
पर्वती चढवायचे. एकशे तीन पायऱ्या.
मी मोजायचे, ते माझी पावलं मोजायचे.
वर पोचल्यावर पेरू, तिखटमीठ लावून,
आणि बूट पुन्हा आपापल्या पायात
फक्त पेरू संपेपर्यंत.
आई म्हणायची, सुंभ जळतो हो, पीळ जात नाही.
मला वाटायचं, स्वभावाबद्दल बोलतेय.

"घरात आणखी कुणी असं चालतं?"
नाही, म्हटलं. लगेच म्हटलं.

मग आठवल्या बाबांच्या चपला.
बाहेरची कड, पुढून, नेहमी तिथेच झिजलेली.
कोपऱ्यावरचा चांभार न विचारता तिथे तुकडा ठोकायचा.
इतकी वर्षं आम्ही दोघं माझ्याच पायांकडे बघत होतो.

अकरा वर्षं झाली.
वैकुंठात राख अजून कोमट होती,
भावाने एक लांबट तुकडा वेचून मडक्यात टाकला.
माझं लक्ष नव्हतं. मी रिक्षाचे पैसे
कुणी दिले ते विचारत होते.

व्यायाम लिहून दिलेत तीन.
मांडी घालायची सक्ती नाही, जेवायला खुर्ची घ्या,
कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा.
जिना उतरताना गुडघे एकमेकांना घासले.
खालच्या झेरॉक्सवाल्याने रिपोर्टची प्रत काढली,
कागद जरा तिरका आला.
"दुसरी काढू का, मॅडम?"
"राहू दे."